पश्चिमेच्या भिंतीची ओढ

वेल्ह्याच्या वर, जिथं डांबरी रस्ता संपतो आणि पुढं तासभर पायी चढावं लागतं, तिथल्या धनगरवाड्यात माझं एक घर आहे. दगडी भिंती, वर पत्रा, आणि पाया म्हणाल तर सरळ कातळ. त्या घराला मी सात वर्षं कुलूप घालून ठेवलं होतं. थोरल्या भावानं आत पाऊल टाकू नये, एवढंच त्यामागचं कारण. दुसरं काही सांगितलं तर खोटं होईल.

मी शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. कापूरहोळच्या चौकात पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली, आज भोरात स्वतःचं घर आहे, दोन टेम्पो आहेत. यातलं कुणी हातावर आणून ठेवलेलं नाही. सौद्यात मी कुणाला सोडत नाही, आणि एकदा आवाज चढला की तो मलाच आवरत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

वडील, आमचे आबा, गेल्यावर आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. कळप थोरल्याला, वरचं हे जुनं घर मला, हे उघड बोलून झालं. राहिली आई. वर्षातले किती महिने तिनं माझ्याकडं भोरला राहायचं हे तिच्यासमोर बोलायला दोघांचीही जीभ रेटेना. तेव्हा आम्ही बाजारातली रीत वापरली. जनावराचा सौदा करताना हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं धरून आकडा सांगतात. शेजारी उभ्या माणसालाही कळत नाही. आम्ही वडिलांच्या घोंगडीखाली हात घातले. थोरल्यानं माझ्या मुठीत बोटं दिली. मी मोजली. चार. मी मान हलवली, त्यानं हलवली, सौदा झाला.

आषाढात आई माझ्याकडं आली. भाद्रपद लागला आणि थोरला तिला न्यायला दारात हजर. म्हणाला, दोन महिने झाले. मी म्हणालो, चार ठरलेत. तो म्हणाला, दोन. मी भररस्त्यात त्याला नाही नाही ते बोललो. आमची भांडणं नकोत म्हणून आई स्वतःच पिशवी घेऊन बाहेर आली आणि त्याच्यामागं चालू लागली. पंधरा दिवसांत वरच्या त्या घरातच ती वारली. ओढ्याला पाणी होतं, मी पलीकडच्या काठावर अडकलो, पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं. माझ्या वाट्याच्या महिन्यात गेली ती. दिवस झाल्यावर मी कुलूप घातलं. थोरल्यानं किल्ली एकदाच मागितली. मी म्हणालो, आधी माझे दोन महिने दे.

यंदा होळीच्या आधी पुण्याच्या एका संस्थेतल्या मॅडम मला शोधत आल्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर, पायात चिखलानं भरलेले बूट. त्यांना या भागातली सगळ्यांत निवांत जागा हवी होती. पानशेत त्यांचं बघून झालं होतं. तिथं धरणातलं पाणी हातभर उतरलं तरी त्यांच्या यंत्राचा काटा सरकायचा, आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांचे स्पीकर. भोरात एसटी डेपो. कापूरहोळचं तर नावच नको, रात्रंदिवस ट्रक. त्यांना कातळावर उभं असलेलं, बंद, माणसांपासून लांबचं घर पाहिजे होतं, आणि तसं एकच होतं. त्या सगळं खरं सांगत होत्या. खरं सांगणाऱ्या माणसाशी सौदा करणं फार सोपं असतं. भाडं किती घेतलं ते इथं सांगत नाही, पण परत जाताना त्यांनी दोनदा पाण्याची बाटली उघडली.

मोजणार काय, असं मी विचारलं.

"रिकाम्या जागेचं वजन," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. माझा चेहरा बघून त्यांनी नीट समजावलं. एखाद्या भांड्यातली हवा काढली, धूळ काढली, उजेडसुद्धा काढला, तरी आत जे उरतं ते गप्प बसलेलं नसतं. त्या रितेपणात बारीक थरथर कायम चालू असते, ती कशानंच थांबवता येत नाही. दोन गुळगुळीत पत्रे त्यात एकमेकांच्या अगदी जवळ, केसाच्या जाडीहून किती तरी जवळ आणले, की ते आपोआप एकमेकांकडं दाबले जातात. मी विचारलं, दाबतं कोण? म्हणाल्या, कोणीच नाही. मधल्या फटीत थोडीच थरथर मावते, बाहेर जास्त असते, म्हणून. हे लोकांनी मोजून पाहिलेलं आहे.

"मग तुमचं काय राहिलं?"

"त्या थरथरीला वजन आहे का, ते. कागदावर हिशेब केला तर इतकं येतं की हे जग कधीच विस्कटून गेलं असतं. आणि जग तर बसलंय नीट."

"म्हणजे मागणारा कोटी मागतोय, आणि देणारा कवडी देत नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच, आणि का देत नाही ते कुणालाच सांगता आलेलं नाही. मी म्हणालो, एवढा फरक असला की मध्ये कुणीतरी दलाल असतो. त्या म्हणाल्या, त्यालाच शोधतोय काका.

यंत्र वर न्यायला आठ दिवस लागले. एक जाड पोलादी पिंप, त्याच्या आत तराजू, आणि तराजूच्या एका बाजूला पातळ थरांची एक चकती. जनावरांच्या डॉक्टरकडं रेतनाच्या कांड्या ठेवायला थंडगार कॅन असतात तसल्या कॅन खांद्यावरून चढवल्या. चकती फार थंड केली की तिच्या थरांमधली थरथर बदलते, जरा ऊब दिली की परत पहिल्यासारखी होते. असं सावकाश, पुन्हा पुन्हा करत राहायचं. थरथरीला वजन असेल तर तराजू त्याच तालात वरखाली होईल. पाऊस सुरू व्हायच्या आत जेवढे दिवस मिळतील तेवढे, कारण जमीन पाण्यानं भिजली की तिचीच ओढ बदलते. स्वतःच्या अंगाचाही काट्यावर परिणाम होतो म्हणून मॅडम आणि त्यांची माणसं ओढ्यापलीकडं तंबूत राहत आणि वायरीतून येणारी रेघ लॅपटॉपवर बघत.

करारात अट होती की घराच्या शंभर पावलांत कुणी फिरकायचं नाही, मालकानंही नाही. ती अट मॅडमनी पन्नास पावलांची मागितली होती. शंभर मी केली. थोरल्याची शेळ्यांची वाट त्याच घराच्या अंगावरून जायची. आता त्याला डोंगराला वळसा घालावा लागणार होता, आणि ते मला बरं वाटलं.

चैत्रात मॅडमचा फोन आला. वर या, बघायचंय काहीतरी. तंबूत त्यांनी मला रेघ दाखवली. दिवसभर सरळ. दुपारी दोनच्या सुमाराला ती हळूच एका बाजूला वाकायची, तास-दीड तास वाकलेली राहायची, मग पुन्हा सरळ. रोज. आधी त्यांनी उन्हावर घेतलं, मग पत्र्यावर. पत्र्याला सावली केली, तरी तेच. मी म्हणालो, शेळ्या असतील. त्यांनी मान हलवली. शेळ्यांनी रेघ फिसकटते, ही फिसकटत नाही. धक्का नाही यात, त्या म्हणाल्या, नुसती ओढ आहे. कुठल्यातरी जड वस्तूचं जवळ असणं.

"कुठल्या बाजूला?"

"पश्चिमेची भिंत. चुलीची बाजू. तंबूतून ती दिसत नाही."

चुलीच्या बाजूला भिंतीला डोकं करून आई निजायची. ती गेली तीही तिथंच. वाड्यावरच्या बायका सात वर्षं कुजबुजत होत्या की बंद घरात दुपारी बांगड्या वाजतात. मी त्यांना हडसून खडसून गप्प केलं होतं. आता एक शिकलेली बाई, जिला माझ्या आईचं काहीच ठाऊक नव्हतं, मला कागदावर तीच भिंत आणि तीच जागा दाखवत होती. मी विचारलं, तुमची ती थरथर एका जागी साचते का? एखादं माणूस जिथं खूप वर्षं झोपलं तिथं? मॅडम नाही म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. तेवढ्यासाठी मी त्यांचा आजही मान ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरामागच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसलो, शंभर पावलं मोजून. ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. आपण कशाची वाट बघतोय हे मला नीट सांगता आलं नसतं. मी भुताखेताला भिणारा नाही, तरी शर्ट पाठीला गार चिकटला होता.

दोन वाजले आणि थोरला आला. अनवाणी, काठी टेकत, एका पावलावर दुसरं ठेवत. पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून खाली बसला, डोकं मागं दगडाला टेकलं आणि डोळे मिटले. मला राग आला. मी जाळीतून सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"हितं बसायचं न्हाई, ठरलंय," मी म्हणालो.

त्यानं डोळे उघडले. "कुणाचं ठरलंय?"

"माझं."

"तुझं ठरल्यालं म्या कवा मोडलं?"

"चार महिन्यांचं मोडलंस की."

"दोन," तो म्हणाला. सात वर्षांत त्याच्या आवाजात काही फरक पडला नव्हता. "बस की बारक्या. उन्हात कशाला हुबा ऱ्हायलास?"

मी बसलो नाही. मी त्याला सांगितलं की आत एक तराजू आहे, आणि तो रोज इथं बसतो म्हणून तो तराजू त्याच्याकडं ओढला जातो, आणि पुण्याच्या बाईंचं सगळं काम नासतंय. त्यानं स्वतःच्या अंगाकडं बघितलं. छातीच्या फासळ्या बनियनमधून मोजता येत होत्या.

"येवढा जड झालो व्हय म्या?"

मला हसू आलं असतं, पण मी येऊ दिलं नाही.

तो म्हणाला, त्याला दुखणं आहे. पोरगा पुण्याला चांगली खोली बघतोय, ती मिळाली की नेणार आहे. परत येणं व्हईल का न्हाई, सांगता येत न्हाई. तोवर दुपारचं हितं येऊन बसतो. आत काय हाय आता, त्यानं विचारलं. मी म्हणालो, पिंप. आणि पिंपात? काही नाही, मी म्हणालो, हवासुद्धा नाही.

"मग भाईरच बरं हाय."

मी त्याला घेऊन तंबूत गेलो. माझी इच्छा अशी होती की मॅडमनीच त्याला बजावावं. पण त्यांना राग आला नाही, उलट यंत्र बिघडलेलं नाही म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी थोरल्याला चहा दिला, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, येऊ देत त्यांना. रोज एकाच जागी बसले आणि येण्याजाण्याची वेळ लिहून ठेवली तर त्यांची ओढ हिशेबातून वजा करता येते. फक्त त्यांचं वजन बरोबर कळायला हवं. ते चुकलं तर सगळे दिवस फुकट जातील. भोरहून काटा आणता का?

काटा कशाला, मी म्हणालो, मी आहे ना. माझा सगळा धंदा हातावर चालतो. जनावराच्या पोटाखाली हात घालून उचललं की अर्ध्या किलोचा फरक पडत नाही, कुणालाही विचारा. मॅडमना ते पटेना, पण माझा आवाज चढला होता.

मी थोरल्याच्या मागं उभा राहिलो, दोन्ही हात काखेखालून पुढं घातले आणि उचललं. मी जोर लावला होता माणसाच्या हिशेबानं. तो इतका झटकन वर आला की माझा तोल गेला. पडू नये म्हणून त्यानं माझं मनगट धरलं, आणि मला जाणवलं की धरलंय ते दोनच बोटांनी. उरलेली दोन सरळ ताठ होती, मिटत नव्हती.

खाली ठेवल्यावर मी विचारलं, बोटांना काय झालं?

"कोयता लागला नव्हं का. तवापासनं ती दोन वळत न्हाईत."

"कवा?"

"तू कापूरहोळला व्हतास तवा. आबा हुते अजून." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "तुला ठावं न्हवतं?"

मला ठाऊक नव्हतं. त्या वर्षात मी वाड्यावर आलोच नव्हतो. घोंगडीखाली त्यानं दोनच बोटं दिली होती, आणि दुमडता न आलेली दोन त्यांच्याबरोबर माझ्या मुठीत आली होती. मी चार मोजली, ती चारच होती. त्यानं दोन दिली, ती दोनच होती. मी तिथं उभा राहिलो आणि राग कुठं ठेवायचा ते मला कळेना. सात वर्षं सांभाळलेला राग होता तो. अजूनही आहे, फक्त आता तो कुणावर आहे ते सांगता येत नाही.

मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. किती, त्यांनी विचारलं.

माझ्या हाताला कळलं होतं. अडतीस. उभ्या अंगाचा, माझ्याहून चार बोटं उंच माणूस, अडतीस किलो. थोरला माझ्याकडं बघत होता. आयुष्यभर मी समोरच्याच्या मालाचं वजन कमी करूनच सांगत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाढवून सांगितलं.

"बावन्न," मी म्हणालो.

थोरला खूश झाला. म्हणाला, बघा, एवढं काय वाईट न्हाई मग.

त्यानंतर तो तीन आठवडे येत राहिला. मॅडमची माणसं आता समोरच्या टेकाडावरून वेळ लिहीत. मी दोनदा वर गेलो आणि दोन्ही वेळा ओढ्याच्या अलीकडूनच परत आलो. घाटावरून वळवाचे ढग दिसू लागले तेव्हा पोरगा त्याला घेऊन गेला. पुण्यातल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं म्हणे, एवढं वजन उतरेपर्यंत तुम्ही काय करत होता? पोरानं मला फोनवर विचारलं, काका, चैत्रात तुम्ही त्यांना उचललं होतं ना? तेव्हा एवढे हलके नव्हते ना? मी म्हणालो, नव्हते. पोरगा म्हणाला, मग महिन्यातच घसरले म्हणायचे. मी फोन ठेवला. थोरला पुण्यातच, बाराव्या दिवशी गेला.

यंत्र खाली उतरवून झाल्यावर मॅडम भोरला माझ्या घरी आल्या. त्यांना यायची गरज नव्हती, भाडं चुकतं झालेलं होतं. लॅपटॉप उघडून त्यांनी मला परत ती रेघ दाखवली. दुपारी दोनला ती आता उलट्या बाजूला वाकत होती, पूर्वेकडं. म्हणाल्या, जेवढी ओढ होती त्याहून मी जास्त वजा केलीय. काका, तुमच्या आकड्यात चूक आहे.

मी उसळलो. म्हणालो, तुमचं यंत्र चुकलं असेल, माझा हात चुकत नाही. त्या शांत बसल्या होत्या. यंत्राच्या हिशेबानं त्यांचं वजन किती येतं ते मी सांगू शकते, त्या म्हणाल्या, पण मला ते तुमच्याकडून हवंय. उत्तर जुळावं म्हणून मीच आकडा बदलला, असं उद्या कुणी म्हणायला नको. आत बायको भांडी लावत होती, तो आवाज थांबला. तिलाही मी बावन्नच सांगितलं होतं, पोरालाही. चैत्रात त्या तंबूत खरं सांगितलं असतं तर मॅडमनी त्याच दिवशी त्याला खाली आणलं असतं, त्या तशा आहेत. मी तसं होऊ दिलं नाही. आता खरं बोललो तर ते सगळं घरात उघडं पडणार होतं, आणि गप्प राहिलो तर बाईंचे सगळे दिवस वाया.

"अडतीस," मी म्हणालो.

त्यांनी डोकं वर केलं नाही. "तेव्हाच कळलं होतं?"

"उचलल्या उचलल्या."

त्यांनी आकडा घातला. रेघ हलली आणि सरळ झाली. सगळे दिवस, सगळ्या दुपारी, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सरळ. मी विचारलं, मग तुमच्या थरथरीचं वजन? म्हणाल्या, आमच्या काट्याला दिसेल एवढं तरी दिसलं नाही. म्हणजे ते नाहीच असं नाही, पण याहून जास्त असू शकत नाही एवढं सांगता येईल, आणि ते सांगता येणं हेही काम आहे. त्यांचा चेहरा दमलेला होता पण खुलला होता. मी त्या सरळ रेघेवर दोनचा आकडा शोधून तिथं बोट ठेवलं. तिथं काहीही नव्हतं. एक माणूस तीन आठवडे त्या भिंतीला टेकून बसला होता, आणि मी खरं बोलल्याबरोबर तो तिथून पुसला गेला होता.

मी विचारलं, आधीची रेघ ठेवलीय का, वजा करण्याच्या आधीची?

मूळ नोंद पुसत नाहीत, त्या म्हणाल्या.

"मला छापून द्या."

"कुठल्या दिवसाची?"

तो बसला होता त्या सगळ्या दिवसांची, मी म्हणालो.